आयईसी, ईएन की राष्ट्रीय मानक : कोणती प्रत घ्यावी, कोणती नमूद करावी?

घरगुती विद्युत उपकरणांच्या निविदेत लिहिलेलं असतं, ‘आयईसी ६०३३५-१ प्रमाणे’. एक पुरवठादार ब्रिटनच्या ‘बीएस ईएन ६०३३५-१’चा चाचणी अहवाल जोडतो, दुसरा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ‘एएस/एनझेडएस ६०३३५.१’चा. आकडे तेच दिसतात, त्यामुळे खरेदी विभागातून हमखास विचारणा होते : हे सगळं एकच ना? मजकूर बराचसा तोच असतो, हे खरं. फरक मोजक्या कलमांत असतात. पण माल अडतो, अहवाल परत येतो किंवा चाचणी नव्याने करावी लागते ती नेमकी त्याच कलमांवरून.

एकाच विद्युत मानकाच्या तीन पातळ्यांवरच्या आवृत्त्या इथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत : आंतरराष्ट्रीय, म्हणजे आयईसी, प्रादेशिक, म्हणजे मुख्यतः युरोपची ईएन, आणि राष्ट्रीय, म्हणजे ब्रिटनची बीएस ईएन, जर्मनीची डीआयएन ईएन, फ्रान्सची एनएफ ईएन, भारताची आयएस/आयईसी, जपानची जेआयएस वगैरे. यांतली एखादी प्रत विकत घ्यायची आहे किंवा करारात नमूद करायची आहे, अशांसाठी हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगतो. विषय शिकायला आयईसी उत्तम. माल जिथे विकायचा किंवा बसवायचा, तिथे तिथलीच आवृत्ती. आणि कोणतीही प्रत हाती आली तरी आधी तिची प्रस्तावना आणि शेवटची परिशिष्टं वाचावीत, मधली कलमं त्यानंतर.

## मजकूर कुठून निघतो, कुठे पोचतो

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग, म्हणजे आयईसी, १९०६ साली लंडनमध्ये स्थापन झाला. लॉर्ड केल्विन त्याचे पहिले अध्यक्ष. १९४८ पासून मुख्यालय जिनिव्हात आहे. तिथे प्रत्येक देशाची एकच राष्ट्रीय समिती असते. अंतिम मसुद्याच्या बाजूने सक्रिय सदस्यांची दोन तृतीयांश मतं पडली आणि विरोधी मतं एकूण मतांच्या एक चतुर्थांशाच्या आत राहिली, की मानक प्रकाशित होतं. प्रकाशित झालं तरी ते कुणावर आपोआप लागू होत नाही. आयईसीच्या प्रत्येक मानकाच्या प्रस्तावनेत यासंबंधी एक परिच्छेद असतो : राष्ट्रीय समित्या आपापल्या प्रकाशनांत आयईसीचा मजकूर शक्य तितका जसाच्या तसा घेतील आणि कुठे वेगळं काही केलं तर ते स्पष्टपणे दाखवतील. म्हणजे देशांनी हे मान्य केलेलं आहे, पण स्वीकारायचं की नाही, कधी आणि किती, हे त्यांच्याच हातात राहतं. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासूनचा तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करार सदस्य देशांना इतकंच सांगतो, की तांत्रिक नियम करताना आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध असेल तर त्याचा आधार घ्या. हवामान, भूगोल किंवा तंत्रज्ञान यांमुळे ते कुचकामी किंवा गैरलागू ठरत असेल तर गोष्ट वेगळी.

युरोपात चित्र निराळं आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या ब्रुसेल्सच्या सेनेलेक या युरोपीय विद्युत मानक संस्थेचे आज ३४ देश सदस्य आहेत. युरोपीय संघाचे २७ आणि त्यांच्याबरोबर ब्रिटन, नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलंड, तुर्कस्तान, सर्बिया आणि उत्तर मॅसेडोनिया. सेनेलेकने ईएन मंजूर केलं, की प्रत्येक सदस्याला ते राष्ट्रीय मानक म्हणून प्रकाशित करावंच लागतं आणि त्याच्याशी विसंगत असलेलं आपलं जुनं राष्ट्रीय मानक मागे घ्यावं लागतं. एखाद्या देशाने विरोधात मत दिलं असलं तरी त्याची यातून सुटका नाही. आयईसी आणि ईएन यांच्यातला सर्वांत मोठा फरक मला हाच वाटतो. तुमच्याकडे जर्मन प्रत असली आणि गिऱ्हाईक पोर्तुगालमध्ये असलं, तरी गाभ्याचा मजकूर सारखाच असेल याची हमी या नियमामुळे मिळते.

दोन्ही संस्था एकच काम दोनदा करत नाहीत. १९९६ च्या ड्रेस्डेन करारापासून नवं काम आधी आयईसीकडे जातं आणि अंतिम मसुद्यावर दोन्हीकडे समांतर मतदान होतं. २०१६ मध्ये त्याची जागा फ्रँकफुर्ट कराराने घेतली, पद्धत मूळचीच राहिली. म्हणूनच बहुतेक ईएन विद्युत मानकं ही आयईसीचीच मुलं आहेत.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ‘ईएन’ नावाची सुटी प्रत सेनेलेक विकत नाही. ते मानक तुमच्या हातात येतं ते बीएस ईएन, डीआयएन ईएन, एनएफ ईएन किंवा एस्टोनियाची ईव्हीएस-ईएन अशा कुठल्यातरी राष्ट्रीय वेष्टनातच. त्यामुळे ‘ईएन घ्यावं की बीएस ईएन’ असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. आतला मजकूर तोच, वर राष्ट्रीय मुखपृष्ठ आणि एक राष्ट्रीय प्रस्तावना. इंग्रजी मजकूर हवा असेल तर कोणत्याही सदस्य देशाची इंग्रजी प्रत चालते आणि किमतींत मोठी तफावत असते, तेव्हा चार ठिकाणी चौकशी करूनच घ्यावी. फक्त ज्या देशात माल जाणार, तिथल्या राष्ट्रीय प्रस्तावनेत काही खास टिपणी आहे का, ते पाहून ठेवावं.

## क्रमांकावरून काय कळतं, काय कळत नाही

१९९७ पासून आयईसीने आपल्या सगळ्या क्रमांकांत ६०००० मिळवले. आयईसी ३४-१ चं आयईसी ६००३४-१ झालं. युरोपने तेच क्रमांक घेतले, त्यामुळे ईएन ६०००० च्या घरातलं असेल तर ते आयईसीवरून आलेलं असतं. ईएन ५०००० च्या मालिकेतलं असेल तर ते सेनेलेकने स्वतः तयार केलेलं, त्यामागे त्याच क्रमांकाचं आयईसी मानक शोधू नये.

२०१८ पासून आणखी एक बदल दिसतो : ‘ईएन आयईसी’ असा जोड उपसर्ग. आयईसीचा मजकूर बदल न करता घेतला, असा त्याचा अर्थ. पण इथे एक मेख आहे. युरोपला काही बदल हवे असतील तर ते वेगळ्या दुरुस्तीच्या रूपाने बरोबरच प्रसिद्ध होतात. ध्वनी-चित्र आणि माहिती तंत्रज्ञानाच्या उपकरणांसाठीचं आयईसी ६२३६८-१:२०१८ युरोपात ईएन आयईसी ६२३६८-१:२०२० म्हणून आलं आणि त्याच्या जोडीला ए११:२०२० ही दुरुस्ती आली. नुसतं पहिलं पुस्तक घेतलं तर हातात शुद्ध आयईसी असते. युरोपचे बदल त्या ए११ मध्ये आहेत.

दुरुस्त्यांच्या क्रमांकांतही अशीच खूण असते. ए१, ए२ अशा दुरुस्त्या आयईसीकडून आलेल्या, तर ए११ पासून पुढच्या सेनेलेकच्या स्वतःच्या. ईएन ६०३३५-१:२०१२ ला ए११:२०१४, ए१३:२०१७, ए१:२०१९, ए१४:२०१९, ए२:२०१९, ए१५:२०२१ अशी शेपटी लागत गेली. यांतल्या ए१ आणि ए२ आयईसीच्या, बाकीच्या युरोपच्या. चाचणी अहवालावर नुसतं ‘ईएन ६०३३५-१:२०१२’ असेल तर पुढची शेपटी विचारावी. अनुभवी तपासनीस सर्वांत आधी तेच बघतो.

जर्मन प्रतीवर क्रमांक दिसतो तो असा : डीआयएन ईएन ६०३३५-१ (व्हीडीई ०७००-१):२०१२-१०. हा एकाच पुस्तकाचा पत्ता तीन प्रकारे लिहिलेला आहे. डीआयएन ईएन हे स्वीकृतीचं नाव, कंसातला व्हीडीई क्रमांक जर्मन विद्युत नियमावलीतली त्याची जागा सांगतो आणि शेवटी जर्मन प्रकाशनाचा महिना आहे, २०१२ चा ऑक्टोबर. मूळ आयईसी २०१० ची आहे, हे मात्र या पत्त्यातून कळत नाही.

वर्षांचा घोळ समजायला आयपी संकेताचं मानक सर्वांत चांगलं उदाहरण आहे. उपकरणाच्या आवरणात धूळ आणि पाणी किती शिरू शकतं, हे ठरवणारं आयईसी ६०५२९ मूळचं १९८९ चं. ईएन ६०५२९ १९९१ चं. बीएस ईएन ६०५२९ १९९२ चं. भारताचं आयएस/आयईसी ६०५२९ २००१ चं. चार प्रतींवर चार वर्षं आहेत, गाभा एकच. पण आयईसीची पहिली दुरुस्ती १९९९ ची आणि दुसरी २०१३ ची आहे. भारतीय २००१ ची प्रत पहिल्या दुरुस्तीसह एकत्र केलेल्या आयईसी मजकुरावर आधारलेली आहे. उच्च दाबाच्या गरम पाण्याच्या फवाऱ्याची ९ क्रमांकाची पातळी आली ती २०१३ च्या दुसऱ्या दुरुस्तीत. म्हणजे एखाद्याने आयपीएक्स ९ चा दावा केला आणि दाखल्यावर दुसऱ्या दुरुस्तीचा उल्लेखच नसलेली आवृत्ती लिहिली, तर तो दावा त्या मजकुरात सापडणारच नाही. प्रतीवरचं वर्ष नवं दिसतं म्हणून मजकूरही नवा असेल, असं धरून चालू नये.

## बदल नेमके कसे दिसतात

घरगुती उपकरणांच्या सुरक्षेचं ६०३३५-१ याच कारणासाठी शेजारी उघडून ठेवण्यासारखं आहे. वापराच्या सूचनापत्रकात काय छापायचं, हे सांगणारं ७.१२ कलम घ्या. आयईसीच्या २०१० च्या आवृत्तीतली सूचना अशी, की शारीरिक, संवेदनाविषयक किंवा मानसिक क्षमता कमी असलेल्या व्यक्तींनी, मुलांसह, हे उपकरण वापरण्यासाठी नाही. त्यांच्या सुरक्षेला जबाबदार असलेल्या माणसाची देखरेख किंवा मार्गदर्शन असेल तरच अपवाद. ईएनमध्ये तीच जागा उलट्या बाजूने लिहिलेली आहे : ८ वर्षांची व त्याहून मोठी मुलं आणि अशा व्यक्ती हे उपकरण वापरू शकतात, मात्र देखरेख किंवा सुरक्षित वापराची शिकवण मिळालेली असली पाहिजे आणि धोके त्यांना समजलेले असले पाहिजेत. वरवर पाहता नुसती शब्दांची फिरवाफिरव वाटेल. पण वापरणाऱ्यांत मुलं धरली, की मुलाचं बोट कुठपर्यंत जाईल आणि हाताला लागणारा पृष्ठभाग किती तापू शकतो, याच्या अटीही युरोपात कडक झाल्या. उपकरणाच्या बाहेरच्या आवरणाची रचनाच बदलू शकते, इतका हा फरक खोल आहे.

त्याच मानकाचं ६.१ कलम विद्युत धक्क्यापासूनच्या संरक्षणानुसार वर्ग सांगतं. आयईसीत पाच वर्ग आहेत : ०, ०आय, १, २ आणि ३. युरोपने पहिले दोन काढून टाकले. नुसत्या मूलभूत इन्सुलेशनवर विसंबणारं, अर्थिंग नसलेलं शून्य वर्गाचं उपकरण तिथे चालत नाही. जपानमध्ये मात्र ०आय वर्गाला परवानगी आहे. अशा देशवार फरकांची यादी आयईसीच्या प्रस्तावनेतच असते. ही यादी लोक ओलांडून पुढे जातात. मला तर संपूर्ण पुस्तकातली ती सर्वांत उपयोगी पानं वाटतात, कारण कोणत्या देशात कोणत्या कलमावर थांबायचं, हे तिथे आयतं मिळतं.

ईएनची स्वतःची अशी पानं शेवटी असतात. झेडए परिशिष्टात आयईसीने उल्लेख केलेल्या इतर मानकांच्या जागी कोणती ईएन आणि कोणत्या वर्षाची वापरायची, याचा तक्ता असतो. कंटाळवाणा दिसतो, पण चाचणीची पद्धत दुसऱ्या मानकातून येत असेल तर तिची आवृत्ती हा तक्ता ठरवतो. झेडझेड परिशिष्ट युरोपीय निर्देशातल्या, म्हणजे युरोपीय संघाच्या कायद्यातल्या, अटींशी मानकाचा संबंध दाखवतं. या दोन्हींच्या आसपास देशोदेशींच्या विशेष परिस्थिती आणि ‘ए-विचलनं’ यांची यादी असते. विशेष परिस्थिती म्हणजे जी दीर्घकाळातही बदलता येणार नाही, जसं हवामान किंवा अर्थिंगची व्यवस्था. ए-विचलन म्हणजे त्या देशाच्या कायद्यामुळे आलेला आणि मानक संस्थेच्या अधिकारात नसलेला फरक.

नॉर्वेचं उदाहरण घ्या. तिथे बऱ्याच ठिकाणी २३० व्होल्टचा पुरवठा आयटी पद्धतीचा आहे, म्हणजे स्रोत थेट जमिनीला जोडलेला नसतो. अशा जाळ्यात एका तारेत अर्थ फॉल्ट झाला, तर दुसऱ्या तारेचा अर्थशी असलेला व्होल्टेज तारांमधल्या पूर्ण २३० व्होल्टपर्यंत चढू शकतो. म्हणून तार आणि अर्थ यांच्यात बसवलेला कपॅसिटर तो पूर्ण व्होल्टेज पेलणारा हवा, अशी नॉर्वेची अट माहिती तंत्रज्ञान उपकरणांच्या ईएनमध्ये विशेष परिस्थिती म्हणून आलेली आहे. आयईसीच्या मुख्य कलमांवरच बेतलेल्या डिझाइनला ही गोष्ट सुचणारही नाही. फिनलंड, नॉर्वे, स्वीडन या देशांत उपकरण अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच जोडावं, अशी सूचना त्या त्या भाषेत उपकरणावर छापावी लागते, तीही याच यादीतून.

## कायद्याच्या दारात

युरोपात विकायचं असेल तर आयईसी पुरत नाही, हे स्पष्टच सांगतो. ५० ते १००० व्होल्ट एसी आणि ७५ ते १५०० व्होल्ट डीसी या टप्प्यातली उपकरणं २०१४/३५/ईयू या निर्देशाखाली येतात. ज्या ईएनचा संदर्भ युरोपीय संघाच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेला आहे, ते पाळलं तर उत्पादन त्या मानकात येणाऱ्या सुरक्षेच्या अटींत बसतं असं मानून घेतलं जातं. पुराव्याचं ओझं बरंच हलकं होतं ते यामुळे. निव्वळ आयईसीचा अहवाल असेल तर तुम्हाला स्वतः दाखवून द्यावं लागतं, की अटी पूर्ण होतात.

इथेही एक पायरी अनेकदा चुकते. ईएन प्रकाशित होणं आणि त्याचा संदर्भ राजपत्रात येणं या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात बराच काळ जाऊ शकतो. नवी आवृत्ती बाजारात विकत मिळते, पण राजपत्रात अजून जुनीच असते, असा काळ येतो. अशा वेळी जुनी आवृत्ती कायद्याच्या दृष्टीने भक्कम आणि नवी तंत्राच्या दृष्टीने पुढची. दोन्हींविरुद्ध तपासून घ्यावं, असा माझा सल्ला आहे.

जुन्या राष्ट्रीय मानकाला कधीपर्यंत मुदत, हे ईएनच्या प्रस्तावनेत तारखेने दिलेलं असतं. राष्ट्रीय पातळीवर प्रकाशनाची शेवटची तारीख एक, विसंगत मानकं मागे घेण्याची दुसरी. दुसरी बहुधा मंजुरीपासून ३ वर्षांनी येते. पण तीही सरकू शकते. माहिती तंत्रज्ञान उपकरणांचं जुनं ईएन ६०९५०-१ मागे घेण्याची तारीख २० जून २०१९ ठरली होती, ती २० डिसेंबर २०२० वर गेली. तेव्हा तारीख पुस्तकात वाचली तरी ताजी स्थिती तपासायलाच हवी.

## युरोपबाहेर : तीन प्रकारची स्वीकृती

युरोपबाहेर सक्तीची साखळी नाही, त्यामुळे स्वीकृतीचा प्रकार ओळखणं जास्त महत्त्वाचं. आयएसओ आणि आयईसीच्या २१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेने तीन प्रकार ठरवले आहेत : तंतोतंत, बदलासह आणि असमतुल्य. तंतोतंत असेल तर तांत्रिक मजकूर तोच. बदलासह असेल तर बदल दाखवलेले आणि समजावलेले असले पाहिजेत. असमतुल्य म्हटलं की मूळ मानकाशी केवळ नातं आहे. त्याच्या भरवशावर काही ठरवू नये.

सगळ्यांत काळजीपूर्वक काम मला जपानचं वाटतं. जेआयएसमध्ये आयईसीपासून बदललेला मजकूर ठिपक्यांच्या रेषेने अधोरेखित असतो आणि शेवटी कलमवार तुलनेचा तक्ता असतो : मूळ कलम काय, जपानी कलम काय, फरक का. चीनच्या जीबी मानकांत स्वीकृतीचा प्रकार मुखपृष्ठावरच छापलेला असतो. भारतात ‘आयएस/आयईसी’ असा जोड क्रमांक असेल तर स्वीकृती तंतोतंत असते. जुन्या क्रमांकांत मात्र मूळ लपून जातं. लो व्होल्टेज स्विचगिअर पॅनेलसाठीचं आयएस ८६२३ आयईसी ४३९ वरून घेतलेलं होतं, हे नुसत्या क्रमांकावरून कोण सांगेल? आयईसी ४३९ चं ६०४३९ झालं आणि पुढे त्याची जागा ६१४३९ ने घेतली, तरी जुन्या क्रमांकाचे तपशील एका निविदेतून दुसऱ्या निविदेत उतरवले जात राहतात. निविदा लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, की आधीच्या कामाचा मसुदा उचलताना प्रत्येक क्रमांकाची आजची स्थिती एकदा तपासावी.

रशिया आणि शेजारच्या देशांत ‘गॉस्ट आयईसी’, ब्राझीलमध्ये ‘एनबीआर आयईसी’ अशीच जोड नावं दिसतात.

अमेरिका आणि कॅनडा यांचा मामला वेगळा. काही विषयांत तिथे आयईसीवर आधारित मानकं आहेत, जसं अमेरिकेतल्या यूएल या संस्थेचं यूएल ६२३६८-१ आणि त्याचं कॅनडातलं जुळं सीएसए सी२२.२ क्रमांक ६२३६८-१. अशा अनेक मानकांत प्रत्येक फरकाला प्रकारानुसार खुणेची अक्षरं लावलेली असतात : ‘डीआर’ म्हणजे देशाच्या नियमांमुळे आलेला फरक, ‘डीई’ म्हणजे केवळ संपादकीय. वाचणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. पण सर्किट ब्रेकरसारख्या विषयात यूएल ४८९ आणि आयईसी ६०९४७-२ ही दोन स्वतंत्र मानकं आहेत. ब्रेकर तोच असला तरी एका मानकाच्या चाचणीवरून दुसऱ्याचा दाखला मिळत नाही. तिथे ‘समतुल्य’ असं लिहून भागवणं धोक्याचं आहे, कारण शॉर्ट सर्किटच्या वेळी ब्रेकर काय करतो, हाच प्रश्न त्या चाचण्यांत विचारलेला असतो.

‘आयईसीवर आधारित’ या दाव्यात किती अंतर मावू शकतं, ते प्लगवरून कळतं. सगळ्या जगाला एकच प्लग मिळावा म्हणून आयईसी ६०९०६-१ हे मानक १९८६ साली आलं. १६ अँपिअर, पिनांचा व्यास ४.५ मिलिमीटर. दक्षिण आफ्रिकेने ते सान्स १६४-२ म्हणून घेतलं. ब्राझीलनेही घेतलं, एनबीआर १४१३६ म्हणून, पण दोन प्रकार करून : १० अँपिअरला ४ मिलिमीटरच्या पिना आणि २० अँपिअरला ४.८ मिलिमीटरच्या. बाहेरून आकार तोच, पण ४.८ च्या पिना ४.५ साठी केलेल्या सॉकेटात जाणार नाहीत. युरोपने हे मानक स्वीकारलंच नाही.

## जिथे ईएन नसतंच

इमारतींच्या वायरिंगचं आयईसी ६०३६४ युरोपात ईएन म्हणून आलेलं नाही. ते एचडी ६०३६४ या सुसंवाद दस्तऐवजाच्या रूपात आहे, आणि त्यावरून प्रत्येक देश आपला ग्रंथ लिहितो : ब्रिटनचं बीएस ७६७१, फ्रान्सचं एनएफ सी १५-१००, जर्मनीची डीआयएन व्हीडीई ०१०० मालिका. रचना ओळखीची वाटते, पण तपशील त्या त्या देशाचे. त्यामुळे वायरिंगच्या कामात निवडीला फारशी जागाच नाही. राष्ट्रीय ग्रंथ घ्यायचा आणि तोच पाळायचा. आयईसी शेजारी ठेवायची ती कारणमीमांसा समजून घेण्यासाठी.

## मग कुणी काय घ्यावं

शिकणाऱ्याने आयईसी घ्यावी. मजकूर बहुधा इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत शेजारी असतो, त्यामुळे एखादं वाक्य संदिग्ध वाटलं तर दुसऱ्या भाषेवरून अर्थ पडताळता येतो. शिवाय देशवार फरकांची यादी मिळते.

एकाच देशात विकणाऱ्या उत्पादकाने राष्ट्रीय प्रत घ्यावी, कारण तपासनीस तीच उघडणार. युरोपात विकणाऱ्याने कोणत्याही सदस्य देशाची इंग्रजी ईएन प्रत घ्यावी, पण सगळ्या दुरुस्त्यांसकट, आणि राजपत्रातली नोंद तपासून.

अनेक खंडांत माल पाठवणाऱ्याला मात्र आयईसीपासून सुरुवात करणंच परवडतं. आयईसीईई ही आयईसीची प्रमाणन व्यवस्था. तिच्या सीबी योजनेत एका मान्य प्रयोगशाळेने आयईसीप्रमाणे चाचणी केली आणि अहवालाला निवडक देशांचे फरक जोडले, की इतर सदस्य देशांतल्या प्रमाणन संस्था त्यावर आपला दाखला देऊ शकतात, सगळी चाचणी पुन्हा करावी लागत नाही. यात खरी हुशारी लागते ती सुरुवातीला : ज्या देशांत पुढच्या दोन-तीन वर्षांत जायचं आहे, त्यांचे फरक पहिल्याच चाचणीत धरायचे. नॉर्वेचा कपॅसिटर नंतर बदलायचा म्हटलं, तर सर्किट बोर्डापासून काम पुन्हा करावं लागू शकतं.

निविदा लिहिणाऱ्या अभियंत्याने नुसता क्रमांक कधीच लिहू नये. आवरणाच्या संरक्षणासाठी लिहायचं झालं तर मी असं लिहीन : ‘आयईसी ६०५२९:१९८९, दुरुस्ती १:१९९९ आणि दुरुस्ती २:२०१३ सह, अथवा त्याच मजकुराची तांत्रिक बदल न केलेली प्रादेशिक किंवा राष्ट्रीय आवृत्ती. पुरवठादाराने वेगळी आवृत्ती वापरली असल्यास तिच्यातील प्रत्येक तांत्रिक फरक कलम क्रमांकासह निविदेसोबत द्यावा.’ शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. फरक शोधण्याचं काम माल तपासणाऱ्यावर न पडता, ज्याने ती आवृत्ती निवडली त्याच्यावर पडतं, आणि तेही करार होण्याआधी. ज्या कामात ऑर्डर आणि पुरवठा यांच्यात वर्ष-दोन वर्षं जाणार असतील, तिथे आणखी एक ओळ घालावी : आवृत्ती कोणत्या दिवसाची धरायची, निविदा उघडण्याच्या की माल पाठवण्याच्या.